ओलं वजन, सुकं वजन

शिवल्या, चिखलात मिळणाऱ्या या खायच्या शिंपल्या, मी आधी नमुना म्हणून पाहिल्या, ताटात फार नंतर. माहेर सांगोल्याकडचं, घर माळकरी. नोकरीच्या मुलाखतीला एस.टी.ने मुंबईत येताना वाशीच्या पुलावरून पहिल्यांदा समुद्र पाहिला असं मी घरी पत्रात लिहिलं होतं. तो समुद्र नव्हता, ठाण्याची खाडी होती, हे मागाहून कळलं. १९८९ च्या दिवाळीनंतर प्रयोगशाळेत रुजू झाले आणि तिसऱ्याच दिवशी त्याच खाडीच्या काठाला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून, काळ्या चिखलात उभी होते. उभी होते म्हणजे रुतत होते. कुजक्या अंड्याचा वास येत होता. पलीकडे शिवल्या काढणारी एक कोळीण माझ्याकडे बघून ओरडली, “पाय ठेवलास का उचल! उबी रायलीस का गेलीस!”

पुढे तीस वर्षं ज्यांना मी मावशी म्हणत आले, त्या या.

काम सांगायला सोपं होतं. शिवल्या, कालवं, खुबे गोळा करायचे, प्रयोगशाळेत आणायचे आणि त्यांच्या मांसात पारा, शिसं, कॅडमियम, तांबं, जस्त किती आहे ते मोजायचं. खाडीचं पाणी आम्ही बाटल्यांतही भरत होतो, पण बाटली त्या घटकेपुरती असते. कारखान्यानं रात्री दोन वाजता सोडलेलं पाणी सकाळी सातच्या बाटलीत सापडत नाही, तोवर ते ओहोटीबरोबर निघून गेलेलं असतं. शिवली मात्र जागची हलत नाही. ती रात्री दोनलाही तिथंच होती. जे पाणी आलं ते तिनं आत घेतलं, गाळलं, खाण्याजोगं ठेवलं, बाकीचं सोडलं. आणि त्यातला धातू महिनोन् महिने अंगात राहू दिला. १९७५ मध्ये एडवर्ड गोल्डबर्ग या अमेरिकी शास्त्रज्ञानं हीच कल्पना जगापुढे मांडली: किनाऱ्याकिनाऱ्यावर असे शिंपले तपासा, म्हणजे समुद्राची तब्येत कळेल. आमच्या सरांनी त्या लेखाची झेरॉक्स मला पहिल्याच आठवड्यात वाचायला दिली होती. ती इतकी फिकट होती की अर्धी वाक्यं अंदाजानं वाचली.

ओहोटीचं गणित मात्र झेरॉक्समध्ये नव्हतं. प्रयोगशाळेत भरती-ओहोटीचं छापील कोष्टक होतं, ते कायम कुणाच्या तरी टेबलावर अडकलेलं असायचं. मावशींना कोष्टक लागत नसे. तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता भरती, की झालं. अष्टमीला सहाला भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमाराला ओहोटी, पण ती भांगाची, पाणी धड हटतच नाही. खरं काम अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला. तेव्हा सकाळी सहा-साडेसहाला पाणी लांबवर जातं आणि एरवी न दिसणारा चिखल उघडा पडतो. मी प्रयोगशाळेत कालनिर्णय लावलं. शास्त्रीय संस्थेत तिथ्या बघून नमुने घेतात म्हणून एका पाहुण्यानं चेष्टाही केली. त्यांना मी अमावास्येच्या पहाटे सोबत यायचं आमंत्रण दिलं. ते आले नाहीत.

पहिल्या हंगामातला माझा मोठा शोध म्हणजे जस्त. एका ठिकाणच्या शिवल्यांत जस्त भरमसाट निघालं, आणि त्याच्या जोडीनं कॅडमियमही थोडं चढलेलं. ही जोडी पाहून मी हुरळले, कारण निसर्गात जस्त आणि कॅडमियम एकत्रच सापडतात, खनिजातही आणि सांडपाण्यातही. यंत्र ठीक होतं. नुसत्या आम्लाचा कोरा नमुना स्वच्छ होता. अमेरिकेहून येणारी कालवाची प्रमाणित पूड, जी आम्ही केशरासारखी मोजून वापरायचो, तिचाही आकडा बरोबर येत होता. मी चार पानी टिपण लिहून सरांपुढे ठेवलं. त्यांनी ते वाचलंच नाही. म्हणाले, “चिखलातून शिवली उचलल्यापासून यंत्रापर्यंत तिला काय काय लागलं ते एकेक सांगा.” मी हातमोजे सांगितले, प्लॅस्टिकची पिशवी सांगितली. दारात उभे असलेले आमचे नमुने आणणारे मामा हळूच म्हणाले, “आणि बादली.”

जस्ती बादली. त्या दिवशी पिशव्या संपल्या म्हणून मावशींच्या अंगणातली मागून आणलेली. लोखंडी पत्र्यावर जस्ताचा मुलामा, त्या जस्तात भेसळ म्हणून थोडं शिसं आणि कॅडमियम, वर खारं पाणी आणि दोन तासांचं ऊन. माझा शोध बादलीतला होता. कोरा नमुना स्वच्छ निघाला कारण तो बिचारा बादलीत गेलाच नव्हता.

त्यानंतर मी जरा वेडीच झाले असं घरचे म्हणत. काचेची प्रत्येक नळी, प्रत्येक बाटली दहा टक्के नायट्रिक आम्लात दोन दिवस बुडवून ठेवायची. शिवली स्टीलच्या सुरीनं उघडायची नाही, सुरीतलं क्रोमियम आणि निकेल आकड्यात उतरतं. काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या पात्यानं उघडायची. कपाळाला कुंकू लावून मोजणीच्या खोलीत यायचं नाही. शेवटचा नियम मी स्वतःसाठी केला. आपल्याकडे देवाला फासायचा शेंदूर म्हणजे अस्सल असेल तर शिशाचं संयुग, हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं. बाजारातल्या कुंकवात काय असेल याची खात्री कुणी द्यावी?

एक गोष्ट मात्र मी प्रयोगशाळेत शिकले नाही, सासूबाईंकडे शिकले. सासर रत्नागिरीचं. तिथं शिवल्यांना तिसऱ्या म्हणतात आणि एका शिंपीवर मांस ठेवून केलेल्या एकशिपीला पाहुणचारात मान असतो. सासूबाई तिसऱ्या आणल्या की मिठाच्या पाण्यात ठेवून द्यायच्या. “वाळू ओकू दे त्यांना.” आमच्या पद्धतीच्या पुस्तकातही हेच होतं, चोवीस तास स्वच्छ समुद्राच्या पाण्यात ठेवणं, फक्त मोठ्या शब्दांत. न ओकलेल्या शिवलीच्या पोटात गाळ असतो, आणि गाळातलं लोह, क्रोमियम, शिसं मांसातलं म्हणून मोजलं जातं. लग्नानंतर पहिल्याच गणपतीत मी सासूबाईंना हे समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, “म्हणजे आता सगळं विष निघालं ना?” नाही. वाळू निघते, धातू निघत नाही. मांसात शिरलेला धातू पाण्यात ठेवून, उकळून, तळून जात नाही. जंतू मरतात, कॅडमियमला मरायचं ठाऊक नाही.

जात का नाही, ते सांगायला मला नेहमी आवडतं. शिवलीच्या पेशींत गंधकानं भरलेलं एक छोटं प्रथिन असतं, मेटॅलोथायोनिन. कॅडमियम, तांबं, पारा आत आला की ते त्याला घट्ट पकडतं. काही धातू बारीक कणांच्या रूपात पेशीत गुंडाळून ठेवले जातात. धातू तिच्या अंगात असतो पण तिच्या कामात लुडबूड करत नाही, म्हणून ती जगते. तिचं संरक्षण असं की ज्यानं तिला खाल्लं त्याच्या ताटात गाठोडं सुटतं. कालवांचं आणखीच वेगळं. जस्त आणि तांबं ती जात्याच इतकी साठवतात की शेजारच्या खडकावरच्या शिंपल्याच्या कितीतरी पट आकडा येतो. तांबं फार झालं तर कालव चक्क हिरवं पडतं; १९८६ मध्ये तैवानच्या किनाऱ्यावर अशा हिरव्या कालवांनी मोठी खळबळ उडवली होती. पण कालवात जस्त जास्त निघालं एवढ्यानं कुणी घाबरू नये. एका बैठकीत एक साहेब कालवातल्या जस्ताचा आकडा बघून इतके चिडले की त्यांना समजावताना चहा गार झाला.

मोठी शिवली असं सहन करते. लहान नाही करत. त्र्याण्णव-चौऱ्याण्णवच्या सुमाराला आम्ही कालवाच्या भ्रूणांवर प्रयोग केले. नर-मादीची बीजं काचेच्या भांड्यात एकत्र करायची आणि पुढचे एक-दोन दिवस सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसायचं. सगळं ठीक असेल तर दिवसाभरात अळीला पहिलं कवच येतं. एक बाजू सरळ, दुसरी गोल, हुबेहूब करंजी. थेंबात शेकडो करंज्या पोहत असतात. मग पाण्यात तांबं घालायचं. किती? लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं, म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. असे दहा-पंधरा झाले की करंज्या बिघडायला लागतात. कड सरळ येत नाही, कवच अर्धंच येतं, आतलं अंग बाहेर लोंबतं. तळताना सारण बाहेर आलेल्या करंजीसारखं. या अळ्या चार दिवसांत मरतात. मोठ्या कालवाला तेच पाणी दिलं तर ते शिंपा मिटून घेतं आणि बरं पाणी यायची वाट बघतं. पण मिटून बसलेलं कालव खात नाही. असं वरचेवर झालं की मांस भरत नाही, शिंपा मोठा आणि आत पातळसा ढब्बू. मावशी अशांना “पानी झालेली” म्हणत. आम्ही मांसाच्या आणि शिंपीच्या वजनाचं गुणोत्तर काढून तेच चार दशांशांपर्यंत सांगायचो.

म्हणूनच खाडीत शिवल्या जिवंत आहेत, म्हणजे खाडी ठीक आहे, हे म्हणणं मला कधी पटलं नाही. मोठ्या जगतात, नव्या येत नाहीत. दहा वर्षं तुम्ही फक्त म्हाताऱ्या मोजत असता.

हा धातू आला कुठून, हे कुणालाही दिसत होतं. खाडीच्या पूर्व काठाला साठच्या दशकापासून ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्टा उभा राहिला. रंग, रसायनं, औषधं, धातूकाम. पश्चिम काठाला मुंबई आणि तिचं सांडपाणी. खाडीचं तोंड दक्षिणेला, वरचं टोक ठाण्याकडे अरुंद, तिथलं पाणी धड बदलतच नाही. खाडीतल्या पाऱ्याबद्दल राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या झिंगडे आणि देसाई यांनी १९८१ मध्येच लिहिलं होतं. आम्ही काही पहिले नव्हतो. कॉस्टिक सोडा करण्याची जुनी रीत पाऱ्याच्या घटावरची. ते कारखाने हळूहळू पडद्याच्या नव्या तंत्रावर गेले, तसा शेजारच्या उल्हास खाडीच्या गाळात वरच्या थरांतला पारा उतरत गेलेला दिसतो. गाळात नळी खुपसून काढली की वर्षांचे थर मिळतात, आणि त्यात धोरणं वाचता येतात. शिसंयुक्त पेट्रोल देशभरात १ फेब्रुवारी २००० पासून बंद झालं, ही बातमी मला आनंदाची वाटली होती, कारण माझ्या तक्त्यातल्या एका रकान्याला तरी यापुढे वर जायचं कारण उरणार नव्हतं.

त्या कुजक्या वासाच्या काळ्या चिखलाबद्दल माझं मत पुढे बदललं. तो वास गंधकाचा, आणि तोच गंधक बहुतेक धातूंना धरून खाली बसवतो. चिखल काळा आणि शांत आहे तोवर धातू बराचसा अडकलेला असतो. खोदला, उपसला, हवा लागली की तो सुटतो आणि पाण्यात येतो. खाडी साफ करायची म्हणून जो तो गाळ उपसायची भाषा करतो. घाण येणं बंद करण्याआधी गाळ ढवळणं म्हणजे मिटलेली शिवली हातोडीनं फोडणं. हे मी समित्यांपुढे दोनदा सांगितलं. इतिवृत्तात एकदा आलं.

आता ज्या गोष्टीसाठी लिहायला बसले ती.

२००७ च्या सुमाराला आमच्या काही वर्षांच्या कामाचा अहवाल एका चर्चासत्रात मांडला गेला. त्यात कॅडमियमचा तक्ता होता. प्रयोगशाळेत आम्ही मांस आधी वाळवतो, पूड करतो आणि त्या पुडीत धातू मोजतो. सुक्या वजनावर. शिवलीत पाच भागांपैकी साधारण चार भाग पाणी असतं, त्यामुळे सुक्या वजनाचा आकडा ओल्याच्या पाच-सहा पट मोठा दिसतो. वैज्ञानिकांना हे माहीत असतं, ते मनातल्या मनात भागाकार करतात. उलट अन्नाच्या मर्यादा असतात ओल्या वजनावर, कारण माणूस शिवलीची पूड खात नाही, शिवली खातो. युरोपीय संघाच्या २००६ च्या नियमांत शिंपल्यांसाठी कॅडमियमची मर्यादा किलोला १ मिलिग्रॅम, शिशाची १.५, दोन्ही ओल्या वजनावर. आता समजा एखाद्या शिवलीचा सुका आकडा ४ आला. भागिले पाच, म्हणजे ओला ०.८. मर्यादेच्या आत. पण ४ आणि १ शेजारी-शेजारी छापले तर?

छापले. एका वर्तमानपत्रानं आमच्या तक्त्यातले सुके आकडे युरोपच्या ओल्या मर्यादेशेजारी मांडले आणि वर मोठ्या अक्षरांत विष हा शब्द घातला. मी भयंकर चिडले. बातमीदाराला फोन करून सुनवायचं ठरवलं, पुरावा म्हणून अहवाल काढला. तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘सुक्या वजनावर’ असं होतं. सारांशात नव्हतं. बातमीदारानं सारांश वाचला होता, आणि सारांश मी लिहिला होता.

फोन केला नाही. पुढच्या अमावास्येला नमुन्यांसाठी गेले तेव्हा मावशी चिखलात नव्हत्या, ओटीवर बसल्या होत्या. आठ-दहा दिवस शिवल्यांना गिऱ्हाईक नव्हतं. फक्त खाडीच्याच नव्हे, उरणहून आलेल्याही पडून राहिल्या. बाजारात बसलेल्या बाईच्या वाट्यावर शिवली कुठली हे लिहिलेलं नसतं. सुना, शेजारणी जमल्या. भांडण झालं नाही, ते झालं असतं तर सोपं गेलं असतं. मावशी एवढंच म्हणाल्या, “आमी तुला शिवल्या फुकट दिल्या, बाय. पैसं घेतलं असतं तर बरा झाला असता.”

खरंच, अठरा वर्षांत त्यांनी नमुन्याचे पैसे कधी घेतले नव्हते. आणि ज्यांनी धातू खाडीत सोडला त्यांच्यापैकी कुणाचं त्या आठवड्यात एक गिऱ्हाईकही कमी झालं नव्हतं.

मी ओलं आणि सुकं समजावलं. त्यांना ते माझ्यापेक्षा लवकर कळलं. सुकवलेला बोंबील किती हलका होतो हे कोळणीला काय सांगायचं! मग शिशाचं निघालं. एका सुनेनं विचारलं, “शिसां म्हंजे जाल्याला बांधतांव तां?” तेच. जाळं तळाला जावं म्हणून ज्याच्या गोळ्या पोरं दातांनी दाबून दोरीला बसवत होती, तेच. ओटीवर जरा वेळ कुणी बोललं नाही.

मग मावशींनी विचारलं, “खावाचा का नाय, एवरा सांग.”

मी म्हटलं, “मर्यादेच्या आत आहे, मावशी.”

“मर्यादा कोनाची?”

याचं उत्तर माझ्याकडे त्या दिवशी नव्हतं. एवढ्या वर्षांत ‘मर्यादेच्या आत’ हे शब्द मी अहवालांतून कितीदा लिहिले असतील. मर्यादा कोणासाठी आखली, हे मी कधी मांडून पाहिलंच नव्हतं. पुढे मांडलं. २०१० मध्ये अन्न व आरोग्य संघटनांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीनं सांगितलं: कॅडमियम महिन्याला माणसाच्या वजनाच्या दर किलोमागे २५ मायक्रोग्रॅमपर्यंत चालेल. पन्नास किलोच्या बाईला महिन्याला १२५०. शिवली बरोबर युरोपच्या मर्यादेवर असेल, म्हणजे ग्रॅममागे १ मायक्रोग्रॅम, तर महिन्याला सव्वा किलो मांस, दिवसाला चाळीसेक ग्रॅम. शहरातला माणूस महिन्यातून दोनदा शिवल्या खातो. त्याला हा हिशेब लागूच नाही. आता पंधरा किलोचं पोर घ्या. महिन्याला ३७५. दिवसाला साडेबारा ग्रॅम, म्हणजे जेमतेम एक मोठा चमचा. त्यातही भात, भाजी यांतून येणारं कॅडमियम धरलेलं नाही. आणि युरोपच्या तज्ज्ञांनी स्वतःसाठी ठरवलेली पातळी याच्या निम्म्याहून कमी.

कोळीवाड्यात न खपलेला माल घरातच शिजतो. न खपलेल्या दिवसांत रोज शिजतो. म्हणजे माझ्या सारांशामुळे जो आठवडा शिवल्या विकल्या गेल्या नाहीत, त्या आठवड्यात त्या घरच्या पोरांनी नेहमीपेक्षा जास्त खाल्ल्या. हे मला तो हिशेब करताना सुचलं, रात्री अकराला, स्वयंपाकघरात. कॅडमियम मूत्रपिंडात बसतं आणि तिथून निम्मं निघायलाही दहा ते तीस वर्षं घेतं. अंगात लोह कमी असेल तर आतडं ते जास्तच ओढतं. आपल्याकडे बायकांत आणि मुलींत लोह किती कमी असतं हे सांगायला नको.

मिनामाताची गोष्ट मी विद्यार्थ्यांना शिकवत आले होते. जपानमधलं ते गाव, १९३२ पासून उपसागरात पारा सोडणारा चिस्सो कंपनीचा कारखाना, १ मे १९५६ ला अधिकृत नोंद झालेला आजार. माणसांच्याही आधी तिथल्या मांजरांचे तोल गेले होते. कारखान्याच्याच डॉक्टरनं, होसोकावांनी, १९५९ मध्ये सांडपाणी घातलेलं अन्न एका मांजराला दिलं. ते चारशे क्रमांकाचं मांजर त्याच आजारानं पडलं, आणि कंपनीनं तो निकाल बाहेर येऊ दिला नाही. पारा सोडणं थांबलं १९६८ मध्ये. हे सगळं मी तारखांसह फळ्यावर लिहायचे. पण मिनामाताचे रोगी सरासरी जपानी माणसं नव्हती, रोज उपसागरातलंच खाणारी कोळ्यांची घरं होती, हे वाक्य मी त्यानंतरच शिकवायला लागले. ठाण्याची खाडी मिनामाता नाही, ती तशीच आहे असं सारखं म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. शिवलीत पारा तुलनेनं कमीच असतो. तो साठत जातो मोठ्या शिकारी माशांत. पण सरासरीची चूक दोन्हीकडे एकच.

तो हिशेब मांडल्यावर आलेल्या पौर्णिमेला मी मावशींना उत्तर दिलं. खा, पण रोज नको. नाल्याच्या तोंडाजवळच्या अजिबात नको, विकूही नका. पोरांना आणि पोटुशी असलेल्या सुनांना आठवड्यातून एकदा, थोड्या. मोठ्या शिवलीचं काळसर पोट काढून टाका, कॅडमियम तिथं जास्त असतं. शिशाच्या गोळ्या दातांनी दाबू देऊ नका. मावशींनी ऐकून घेतलं. “मंग यो पयल्यांदाच सांगाचा व्हता,” म्हणाल्या. वीसेक वर्षांनी पहिल्यांदा मी त्यांना त्यांच्या शिवल्यांबद्दल उपयोगाचं काही सांगितलं होतं. तोवर फक्त नेत होते.

ही सगळी गोष्ट मी अहवालात घालू शकले नाही, कारण त्या घरांत रोज कोण किती खातं हे आम्ही कधी मोजलंच नव्हतं. आमच्याकडे दीड दशकाहून जास्त वर्षांच्या शिवल्यांची वजनं होती, माणसांची नव्हती. नव्या प्रकल्पात तो भाग घालायचा प्रस्ताव दिला. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेचं ते काम नव्हे, असा शेरा आला.

२०१९ मध्ये निवृत्त झाले. ठाणे खाडीचा काही भाग २०१५ पासून रोहित पक्ष्यांचं अभयारण्य आहे, २०२२ मध्ये पाणथळ जागांच्या रामसर यादीतही गेला. लोक बोटीतून गुलाबी थवे बघायला जातात. मीही नातवाला घेऊन गेले. पक्षी देखणे आहेत. बोटवाला मावशींच्या नात्यातला निघाला. मावशी आता चिखलात उतरत नाहीत, गुडघे गेले. त्यांची सून उरणकडून शिवल्या आणून विकते, कारण इथं आता वाटाभर मिळवायला दोन ओहोट्या लागतात.

एकच मागणं आहे, प्रयोगशाळेत बसलेल्यांना आणि बातमी लिहिणाऱ्यांना. आकडा छापाल तिथंच, त्याच ओळीत, ओलं वजन की सुकं ते लिहा. शिवली कुठल्या काठाची ते लिहा. आणि छापण्याआधी तो कागद घेऊन एकदा त्या काठावर जा. ओहोटीची वेळ कुणी सांगितली नाही तर तिथीची पाऊणपट करा.